बर्फाचा वाडगा

मुलगी: फोटो नकोत मला. फोटो घरी चिकार निघाले. मला ती अक्षरांची पेटी हवी आहे.

छोट्या बाई: कुठली, काचकागदाची?

मुलगी: तीच. लाकडी, वर कडी असलेली. खिडकीखालच्या कपाटात असायची.

छोट्या बाई: अजून तिथेच असते. पण ताई, ती रोज लागते हो. आत्ता कुठे सुट्टी संपून शाळा सुरू झालीय, नवी मुलं अजून बोट फिरवायलाच शिकतायत. दुसरं काहीही न्या. आठवण म्हणून मोठ्या बाईंची खुर्ची न्या. शाल आहे खुंटीवर, चष्म्याचं घर आहे.

मुलगी: शाली घरी होत्या, त्या वाटल्या. खुर्ची दुकानातून आणलेली. मला बाईंच्या हातचं काहीतरी हवंय.

मावशी: अगं, आधी बस तरी. आल्यापासून उभीच आहेस. तिथे नको, ती खुर्ची पोरांची आहे, तुझ्याखाली टिकायची नाही. ह्या बाकावर बस. चहा टाकते.

मुलगी: नको मावशी, मला निघायचंय. घर आज रिकामं झालं. भांडी गेली, कपाटं गेली, फ्रिज काल एक माणूस खांद्यावर घेऊन गेला. उद्या सकाळची गाडी आहे माझी. आठवडाभर आवराआवर केली आणि शेवटी लक्षात आलं, त्या घरात बाईंनी हाताने केलेली एकही वस्तू नाही. विणलेलं नाही, शिवलेलं नाही, रंगवलेलं नाही. जे केलं ते सगळं इथे केलं.

छोट्या बाई: घरी वेळच कुठे मिळायचा त्यांना.

मुलगी: हो. मला माहीत आहे. मी घरीच असायचे.

मावशी: घरी कुठली? तीन वर्षांची झालीस तशी इथेच होतीस की तूही. चड्ड्या बदलल्यात तुझ्या मी ह्या खोलीत.

मुलगी: त्या कोपऱ्यात. शेवटच्या चटईवर.

छोट्या बाई: मोठ्या बाई सांगायच्या तुमच्याबद्दल. म्हणायच्या, आमची कार्टी गुणाची होती, वर्गात कधी रडली म्हणून नाही.

मुलगी: रडायलाही नंबर यावा लागतो.

छोट्या बाई: म्हणजे?

मुलगी: तुम्हाला हे सांगितलं नसेल. माझा नंबर कायम शेवटचा. बाईंची मुलगी म्हणून कोणी बोट दाखवू नये, यासाठी. रव्याच्या ताटात अक्षर गिरवायचं असेल तर सगळ्यांचं झालं की मी. तोवर निम्मा रवा चटईवर सांडलेला आणि उरलेल्यात कुणाचं तरी नाक गळलेलं. दोरीत बटणं ओवून मोजायची, तर माझ्या वाटेला भोकं बुजलेली बटणं. टबात काय तरंगतं आणि काय बुडतं ते बघायचं, तेव्हाही तेच. माझी पाळी येईपर्यंत बूच तरंगतं, किल्ली बुडते, हे वर्गभर माहीत झालेलं असायचं. मग बाई मला विचारायच्या, तुला काय वाटतं? मला काय वाटणार? मी बघत उभी होते इतका वेळ.

मावशी: ते खरंय हां. मी म्हणायचे बाईंना, एखाद्या दिवशी लेकराला पुढे घ्या. तर डोळे मोठे करायच्या.

मुलगी: एकदा बर्फ आणला होता. तेव्हा इथे फ्रिज नव्हता, बाईंनी सरबतवाल्याकडून रुमालात बांधून आणला होता. प्रत्येकाने हातात धरायचा, कसा लागतो ते सांगायचं आणि पुढच्याला द्यायचा. कुणी म्हणालं गार, कुणी म्हणालं चावतो. माझ्या ओंजळीत आलं ते पाणी. बाई म्हणाल्या, बघा, बर्फाचं काय झालं? सगळे ओरडले, पाणी! टाळ्या वाजल्या. धडा छान झाला.

छोट्या बाई: तुम्ही काय केलंत?

मुलगी: मी पण टाळ्या वाजवल्या. हात ओले होते, वाजल्या नाहीत.

छोट्या बाई: ताई, एक विचारू? आल्यापासून बघतेय. तुम्ही त्यांना बाईच म्हणताय.

मुलगी: फाटकाच्या आत बाई. बाहेर गेल्यावर दुसरं. तो नियम होता.

छोट्या बाई: आता कोण ऐकतंय?

मुलगी: कोणी नाही. पण इथे आत आलं की तो शब्द तोंडातून निघत नाही. एकदा चुकून निघाला होता, तर बाईंनी वर्गभर बघून विचारलं होतं, कोणाची आई आलीय? सगळी मुलं दाराकडे बघायला लागली. मीही बघितलं.

मावशी: हे घे, पाणी तरी घे.

मुलगी: ठेवा. आणि ती मुलगी कोण हो? तो भिंतीवरचा फोटो, कापसात बी पेरतायत तो. बाईंच्या मांडीवर बसलीय ती.

छोट्या बाई: ती ना, आमची लेक. जुना आहे फोटो. आता मोठी झाली, सायकलवर हिंडते.

मुलगी: मांडीवर बसायची?

छोट्या बाई: लहान होती हो. मी दुसऱ्या गटात असायचे, मग ती त्यांच्याकडे जायची. मी ओढून आणायचे.

मुलगी: काय म्हणायची ती त्यांना?

छोट्या बाई: म्हणजे, सगळी मुलं म्हणतात तेच…

मावशी: आजी म्हणायची की. अख्ख्या शाळेत एकटी. आजी, बघ, माझं बी फुगलं. आजी, माझी नाडी बांध.

छोट्या बाई: मावशी, चहाचं काय झालं?

मावशी: नको म्हणालीय ती.

मुलगी: आजी. फाटकाच्या आत.

छोट्या बाई: मी दटावलं होतं तिला. खरंच. म्हटलं, इथे मोठ्या बाई म्हणायचं. तर त्याच म्हणाल्या, राहू दे, तोंडात येतं ते येऊ दे.

मुलगी: असं म्हणाल्या.

छोट्या बाई: हो.

मुलगी: तोंडात येतं ते येऊ दे.

छोट्या बाई: माणूस म्हातारपणी जरा सैल होतं हो, ताई. माझे सासरे मुलांना कधी हसू द्यायचे नाहीत, नातवापुढे घोडा व्हायचे.

मुलगी: स्वतःच्या नातवापुढे. मला मूल नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बाईंनी सांगितलं असेलच. तुम्हाला सगळंच सांगितलेलं दिसतंय.

छोट्या बाई: तसं नाही.

मुलगी: मग कसं आहे? माझी कशाला हरकत नाही. मांडीवर बसू दे, आजी म्हणू दे. मी फक्त पेटी मागतेय. ती द्या, मी जाते.

छोट्या बाई: पेटी नाही देता येणार.

मुलगी: नव्या मुलांसाठी मी नवी अक्षरं करवून देते. हवी तर चांगल्या सुताराकडून. पण ही अक्षरं बाईंनी कापली आहेत. मी बघितलंय त्यांना कापताना, घरी, जेवणाच्या टेबलावर. मला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, शाळेचं आहे. मुलांच्या आधी तू बोट फिरवलंस तर गुळगुळीत होतील.

छोट्या बाई: ही ती नाहीत.

मुलगी: पेटी तीच आहे.

छोट्या बाई: पेटी तीच. थांबा, दाखवतेच. हे बघा. फिरवा बोट. डोळे मिटून फिरवा, तसंच करायचं असतं.

मुलगी: ‘म’ आहे.

छोट्या बाई: खरखरीत लागतो ना? काचकागद असा राहत नाही. एवढ्या मुलांची बोटं रोज फिरली की दोन वर्षांत घोटून गुळगुळीत होतो. मग नवी कापायची. तुमच्या वेळची अक्षरं कधीच संपली. त्यानंतरची संपली, त्याच्याही नंतरची. ही गेल्या वर्षीची आहेत. आणि ही मी कापलीत.

मुलगी: तुम्ही.

छोट्या बाई: मोठ्या बाईंचे हात थरथरायला लागले होते. गोल भाग कापताना कात्री हलायची. मग शेजारी बसून मला सांगायच्या. एकेक अक्षर डोळे मिटून तपासायच्या आणि बोट कुठे अडलं की परत कापायला लावायच्या. ‘क्ष’ मी चारदा कापलाय. म्हणून म्हटलं, देता येणार नाही. बाईंचं असतं तर कसं नाही म्हणणार होते? हे माझं आहे.

मुलगी: आधी का नाही सांगितलंत?

छोट्या बाई: तुमचा चेहरा बघून. आल्या आल्या कसं सांगायचं, तुम्ही ज्याच्यासाठी आलात ते तुमच्या आईचं नाहीच म्हणून.

मुलगी: आणि जुनी? झिजलेली कुठे गेली?

मावशी: घरीच न्यायच्या की बाई. खळीने चिकटवलेली असायची, सुरी घातली की पापडासारखी सुटायची. पोरांच्या बोटाला उपयोग नाही, पण भांड्याला चालतात, म्हणायच्या. मलाही द्यायच्या दोनचार. माझ्या विळीवरचा गंज मी त्याच्यानेच काढते.

मुलगी: मोरीखाली एक डबा होता. त्यात वाकडेतिकडे तुकडे असायचे. तवा घासायला.

मावशी: तेच.

मुलगी: तवा घासायचं काम माझ्याकडे होतं. पहिलीपासून. एक तुकडा छान हातात बसायचा, दोन पोटं होती त्याला. अंगठा एकात आणि बोट दुसऱ्यात.

छोट्या बाई: ‘ळ’ असेल.

मुलगी: असेल. मला कधी वाटलंच नाही की ते काही आहे.

छोट्या बाई: आहे का तो डबा?

मुलगी: काल मोरीतलं सगळं एका पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मीच टाकलं.

मावशी: चहा टाकतेच मी. कोणी नको म्हणू नका.

छोट्या बाई: वाईट वाटून घेऊ नका, ताई.

मुलगी: तुम्ही नका समजूत घालू माझी. बाकी कोणीही घाला. रागावू नका, पण तुमच्याकडून नको. तुम्हाला त्यांचे दिवस मिळाले. मला मिळाल्या संध्याकाळी, घसा बसलेला असायचा, पाय सुजलेले असायचे. जेवताना मी काही सांगायला लागले की म्हणायच्या, जरा शांत बस गं, दिवसभर चिवचिवाट ऐकलाय. तो चिवचिवाट तुमचा होता. फोनवर मी विचारायचे, काय विशेष, तर विशेष सगळं तुमचंच. छोट्या बाईंनी हे केलं, छोट्या बाईंना ते सुचलं. अमक्याने आज बूच आणि किल्ली दोरीने बांधून पाण्यात सोडली. दहा मिनिटं त्या बुचाबद्दल. मग, तुझं बरं आहे ना? हो. ठेवते. फोन बंद.

छोट्या बाई: आणि मला काय ऐकवायच्या, सांगू?

मुलगी: नको.

छोट्या बाई: सांगतेच, आता निघालंच आहे तर. मी जे करायचे ना, त्यावर पहिलं वाक्य तुमचं. आमची असती तर हे वाचून आली असती. आमच्या लेकीचं अक्षर बघा. आमची लेक कधी दोनदा सांगायला लावायची नाही. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा मी तुम्हाला दोनचारदा बघितलं होतं फक्त, पण तुमचा राग यायचा मला. अंगावर यायचा. एवढी वर्षं राबले इथे, पण त्यांच्या तोंडी ‘आमची’ म्हटलं की ती तुम्ही. मी छोट्या बाई. मला नावानेसुद्धा कधी हाक मारली नाही त्यांनी.

मुलगी: हे मला माहीत नव्हतं.

छोट्या बाई: आणि त्या गेल्या तेव्हा तुमच्याकडे माणसं भेटायला आली. रांग होती दारात. मी पण आले होते, मागे उभी होते, चपलांपाशी. तुमच्या कुठल्याशा काकूंनी मला विचारलं, पाणी कुठे मिळेल? त्यांना वाटलं, कामाला आहे. माझ्याकडे कोणी भेटायला आलं नाही, ताई. येणार कशाला? मी कोण? चौथ्या दिवशी शाळा उघडली. मुलं विचारत होती, मोठ्या बाई कधी येणार? मी त्यांना बटणं मोजायला बसवलं.

मावशी: मी आले होते हिच्याकडे. सांगत नाही ती. दोघी रडलो आणि मग घरात जे होतं ते खाल्लं.

छोट्या बाई: तुम्ही आलात, मावशी. तुमचं धरत नाही मी.

मावशी: हो, माझं कशाला धरतेस. घ्या चहा. साखर कमी आहे, डबा संपलाय. आणि आता एवढं बोललीस तर ते पण सांगून टाक हिला.

छोट्या बाई: काय?

मावशी: काय म्हणून विचारतेय. मागच्या खोलीतलं. वाडगा.

मुलगी: कसला वाडगा?

छोट्या बाई: काही नाही. मावशींना काहीही बोलायची सवय आहे.

मावशी: सुट्टीभर वीज गेली की धावत आलीय ही इथे, जाड टॉवेल गुंडाळायला. आणि म्हणे काही नाही. ती उद्या सकाळी गेली की परत कशाला येतेय इकडे? मग सांगशील का पत्राने?

मुलगी: छोट्या बाई.

छोट्या बाई: या. मागे या. जरा बाजूला व्हा, दार ओढावं लागतं, रबर गेलंय त्याचं. हा.

मुलगी: बर्फ आहे.

छोट्या बाई: मोठ्या बाईंनी लावलेला. सुट्टीआधीच्या त्या शेवटच्या शनिवारी. सोमवारी मुलांना द्यायचा होता. घरी जाताना मला म्हणाल्या, फ्रिज उघडू नका हां, लबाडी करू नका. रविवारी त्यांना त्रास झाला आणि सोमवारी… सोमवारी हा इथेच होता.

मुलगी: म्हणजे हा आत्ता जो बर्फ आहे, तो त्यांनी हाताने…

छोट्या बाई: हो. पाणी त्यांनी ओतलं. आतल्या वस्तू त्यांनी ठेवल्या.

मुलगी: आणि तुम्ही मला खुर्ची न्या म्हणालात. शिवाय शाल. मी दारात उभी राहून विचारलं, बाईंच्या हातचं काही हवंय, आणि हा इथे होता.

छोट्या बाई: हो.

मुलगी: का?

छोट्या बाई: तेवढाच होता माझ्याकडे.

मुलगी: तो माझा आहे.

छोट्या बाई: मुलांचा आहे. तुमचा असता तर घरच्या फ्रिजमध्ये लावला असता.

मुलगी: हे बोलायला नको होतंत.

छोट्या बाई: नको होतं. चुकलं. पण तुम्ही तरी काय, आलात आणि माझा आहे म्हणालात. घ्या. न्या. नाही म्हणत नाही मी. तुमच्या आईच्या हातचं आहे, हक्क तुमचाच. घ्या ना.

मुलगी: कुठे नेऊ?

छोट्या बाई: घरी.

मुलगी: फ्रिज काल दिला.

मावशी: ऐका. दोघी शिकलेल्या, दोघी बाया, भांडताय कशावरून? पाण्यावरून.

मुलगी: हसू नका, मावशी.

मावशी: हसत नाहीये. तो दुरुस्तीवाला तीनदा येऊन परत गेलाय. रबर बदलायचं तर फ्रिज बंद करून रिकामा पाहिजे, म्हणतो. ही त्याला रोज पुढचा वार सांगते. आणि वाडगा बघ, कडेने सुटलाय. आधी काठोकाठ होता. तुम्ही भांडत बसा, तो तुमची वाट बघणार नाही.

मुलगी: आत काय आहे?

छोट्या बाई: माहीत नाही.

मुलगी: तुम्हाला नाही सांगितलं?

छोट्या बाई: कधीच सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, तुम्हाला कळलं की तुमचा चेहरा मुलांना सांगून टाकेल. इथे कडेला लाल बटण दिसतं, हे बघा. इकडे पान आहे, पिंपळाचं की कसलं. हा नाण्यासारखा गोल. पण आत ढगच आहे नुसता. रोज उघडून बघते. एवढीच एक गोष्ट आहे, ताई, जी मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. बाकी सगळ्यात कोणीतरी पुढे आहे.

मुलगी: मुलं काय करतात ह्याचं?

छोट्या बाई: ताटात पालथा घालायचा. नंबर लावायचे. प्रत्येकाने एक चमचा कोमट पाणी सोडायचं, आणि ज्याच्या चमच्याला जी वस्तू सुटेल ती त्याची. मग टबाशी जायचं, तरंगेल की बुडेल ते सांगायचं, टाकून बघायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून मोजायचं, किती वस्तू निघाल्या.

मुलगी: आणि शेवटच्याला उरलेलं पाणी.

छोट्या बाई: नाही. इथेच तर गंमत असते. मोठ्या बाई हा दोनदा लावायच्या. आधी छोट्या वाटीत एकच वस्तू घालून ती गोठवायची. मग तो गोळा ह्या वाडग्यात मधोमध ठेवून भोवती पाणी आणि बाकीच्या वस्तू. मधली वस्तू कितीही पाणी सोडा, आधी निघतच नाही. ती शेवटच्या नंबराची. आणि तीच सगळ्यात भारी असते. एकदा भोवरा होता. एकदा छोटी घंटा होती, बर्फातून निघाल्यावर वाजली. त्यामुळे आमच्याकडे भांडणं वेगळीच. बाहेर मुलं पहिल्या नंबरासाठी ढकलाढकली करतात, इथे शेवटच्यासाठी. मला शेवटी, मला शेवटी. एकेक जण मागे सरकत सरकत भिंतीला टेकतात.

मुलगी: माझ्या वेळी हे नव्हतं.

छोट्या बाई: नसणार. फ्रिज नंतर आला ना.

मावशी: ही पहिलीत गेली त्याच वर्षी आला. शाळेकडे कुठले पैसे, बाईंनी बांगडी मोडून आणला. मी म्हटलं, बाई, पोरीला ठेवा की ती बांगडी. म्हणाल्या, तिचंच आहे हे. मला काही कळलं नाही. म्हटलं, मोठ्या माणसांचं बोलणं.

छोट्या बाई: हे मला नव्हतं सांगितलंत कधी, मावशी.

मावशी: तुला कशाला सांगू? तुझं नव्हतं ते.



मुलगी: दार लावा. गार जातंय बाहेर.

छोट्या बाई: लावते. जोरात ढकलावं लागतं. हं.

मुलगी: मला एवढं मोठं होऊन ह्याचा राग यावा, हे मला पटत नाहीये. पण येतोय. कुणाची कोण मुलं, भिंतीला टेकून उभी राहतात, आणि त्यांना शेवटी घंटा मिळते. मला सांगता आलं असतं की, एकदा. फोनवर बुचाबद्दल दहा मिनिटं बोलल्या, हे का नाही सांगितलं?

छोट्या बाई: मला वाटतं…

मुलगी: तुम्ही नका सांगू काय वाटतं ते. तुमचं बरोबर निघेल, आणि मला तेही सहन होणार नाही.

छोट्या बाई: बरं.

मुलगी: चहा चांगला झालाय, मावशी.

मावशी: गार झालाय.

मुलगी: दुरुस्तीवाल्याला कधीचं सांगितलंय?

छोट्या बाई: परवाचं. परत पुढे ढकलेन, त्यात काय.

मुलगी: नको ढकलू. ढकलू नका, म्हणायचं होतं.

छोट्या बाई: ढकलू नको म्हणालात तरी चालेल. मी लहानच आहे तुमच्याहून.

मुलगी: उद्या किती वाजता बसतात मुलं?

छोट्या बाई: नऊला. गोष्ट झाली की साडेनऊला ताट मांडता येईल. पण तुमची सकाळची गाडी आहे ना?

मुलगी: दुपारचीही एक असते. ती पोचते उशिरा, पण पोचते.

मावशी: मी टॉवेल आणते घरून. जमीन नुसती ओली होते त्या खेळात.

छोट्या बाई: खरं सांगू का, ताई? शेवटचा नंबर मी माझ्यासाठी ठरवून ठेवला होता. सुट्टीभर. म्हटलं, मुलांना एक दिवस समजावेन, आज बाईंचा नंबर.

मुलगी: कळलं मला. मघाशी वाडगा दाखवताना तुम्ही मधोमध बोट ठेवलं नाहीत. सगळीकडे ठेवलंत.

छोट्या बाई: तुम्ही त्यांच्यासारख्याच आहात. चेहरा बघता.

मुलगी: तुमच्या लेकीला पण बोलवा हवं तर. शाळा बुडवून येईल का एक तास?

छोट्या बाई: धावत येईल.

मुलगी: पण तिला सांगा, आजीच्या वाडग्याचा नंबर तिलाही मिळेल. मधला कुठला तरी. शेवटचा नाही.

छोट्या बाई: नाही. तो नाही. पण ताई, मुलं सोडणार नाहीत. तीस तोंडं एकदम विचारतील, ह्या ताई कोण, आणि ह्यांनाच शेवटचा नंबर का? त्यांना मी काय सांगू?

मुलगी: सांगा, वाडगा माझ्या आईने लावलाय.